मोबाईल गावात आला, आता त्याचा हिशेब मांडा

'डिजिटल क्रांती' हा शब्द आता आपल्या कानाला चांगलाच सरावला आहे. सभेत पुढारी बोलतात, बैठकीत साहेब बोलतात आणि टपरीवर चहा पिता पिता आपणही बोलतो. पण या क्रांतीनं आपल्या गावात नेमकं काय बदललं, कोणाचं भलं झालं, कोण मागं राहिलं, असं कोणी विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पावसाचा हिशेब मंडळनिहाय मिलिमीटरमध्ये मिळतो. कापसाचा हिशेब क्विंटलमध्ये मिळतो. मोबाईलचा हिशेब मात्र कुठल्याच दप्तरात सापडत नाही. तो मांडला पाहिजे आणि गावानंच मांडला पाहिजे, एवढं सांगण्यासाठी हा लेख.

आपला पिशोरचा परिसर घ्या. अंजना नदीच्या आजूबाजूची ही शेती. मका, कापूस आणि अलीकडे अद्रक ही आपली पिकं. चिंचोली लिंबाजी, नाचनवेल, करंजखेड ही भोवतालची गावं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथल्या माणसाला सातबारा पाहिजे असला तर तलाठी आप्पांना शोधत फिरावं लागायचं. आप्पा सज्जावर नाहीत, तहसीलला गेलेत, उद्या या. हे 'उद्या या' ऐकून दोन दिवसांची मजुरी बुडायची. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन मिळू लागला. 2019 साली पीएम किसान योजना आली आणि वर्षाला 6000 रुपये तीन हप्त्यांत सरळ खात्यात पडू लागले. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आपल्या वावरातल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवर करायची. ठिबक, ट्रॅक्टर, अवजारं यांचे अर्ज महाडीबीटीवर गेले. आणि 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर योजनेचं दारच उघडत नाही.

यात वाईट काही नाही, हे आधी मोकळेपणानं सांगतो. मध्यस्थाची चिरीमिरी कमी झाली. अनुदान कोणाच्या शिफारशीवाचून खात्यात आलं. 2018 मध्ये मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली, तेव्हा पोंग्यातल्या अळीचा फोटो काढून पाठवणारे शेतकरी बघितले की वाटायचं, अशी सोय आधीच्या काळी असती तर किती पिकं वाचली असती! फोटो आला, अळी ओळखली, त्याच दिवशी उपाय सांगितला. एका कृषी सहायकाकडे अनेक गावं असतात; प्रत्येक बांधावर रोज पोहोचणं शक्य नसतं. मोबाईलनं ते अंतर कमी केलं, हे नाकारणारा माणूस खोटं बोलतो.

मग हिशेब कशाचा मागायचा?

हात कोणाचा?

सरकारी अहवालात नोंदी मोजल्या जातात. इतक्या खातेदारांची पीक पाहणी झाली, इतक्यांची केवायसी झाली, इतके ओळख क्रमांक तयार झाले. आम्हा कर्मचाऱ्यांनाही तोच आकडा रोज वर कळवावा लागतो. या आकड्यात एक गोष्ट कधीच येत नाही. ती नोंद खातेदारानं स्वतः केली की दुसऱ्या कोणी केली? मोबाईल कोणाचा होता? ओटीपी कोणाच्या फोनवर गेला? त्यासाठी पैसे किती मोजले? कागदावर दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. गावात मात्र त्या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

ज्या घरात शिकलेला पोरगा आहे, त्या घरात दहा मिनिटांत काम उरकतं. ज्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच आहेत, त्यांचा मोबाईल बटणाचा आहे, आधारला जोडलेला नंबर पुण्याला गेलेल्या लेकाचा आहे, आणि तो लेक कंपनीत ड्युटीवर असताना फोन उचलत नाही. ओटीपी येतो आणि मुदत संपून जातो. मग ऑनलाईन सेंटरवर जा, रांग लावा, पैसे द्या. पूर्वी आप्पांना शोधायचं, आता सेंटरवाल्याला शोधायचं. फरक इतकाच की आप्पांची तक्रार तहसीलदाराकडे करता यायची. 'सर्व्हर डाऊन आहे'ची तक्रार कोणाकडे करायची, ते कोणालाच ठाऊक नाही.

बायामाणसांचं तर विचारूच नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया चौथ्या हिश्श्याहूनही कमी निघाल्या. त्यानंतर फोन वाढले असतील, पण घरातला चांगला मोबाईल कोणाच्या खिशात असतो, ते तुम्ही-आम्ही रोज बघतो. निंदणी, वेचणी, अद्रकाची काढणी सगळी बाईच्या हातानं, आणि त्याच हातांच्या रेषा घासल्यामुळं मशीनवर अंगठा उमटत नाही. 'माय, तुझा अंगठा घेईना' म्हणून परत पाठवलेली बाई मी एकदा नाही, कितीदा तरी पाहिली आहे. जून 2023 मध्ये पीएम किसानच्या ॲपवर चेहरा दाखवून केवायसी करायची सोय झाली. सोय उत्तम आहे, पण ती आहे हे त्या माउलीला सांगणार कोण? तिच्या फोनात तर तो निरोप येतच नाही.

बटईदाराचं आणखी वेगळं. आपल्याकडं बटईचा व्यवहार बहुतेक तोंडी बोलीवर चालतो. जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा. मोबाईलला सातबारा कळतो, बोली कळत नाही. पिकाची नोंद खातेदाराच्या नावानं, मदत आली तर तीही त्याच्याच खात्यात. खातेदार सज्जन असला तर वाटा देतो, नसला तर नाही. हा दोष जुनाच आहे, मोबाईलनं तो निर्माण केला नाही. पण पूर्वी गावातल्या माणसाला निदान डोळ्यानं दिसायचं की वावर कोण कसतंय. आता पडद्यावर खातेदार तेवढा दिसतो.

आणि आपल्या तालुक्यातली तांड्या-वस्त्यांवरची जी मंडळी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्या मागं रब्बीची पीक पाहणी, केवायसीच्या मुदती, ओळख क्रमांकाची शिबिरं सगळी होऊन जातात. डोंगराच्या बाजूला रेंज नाही हे आहेच. ॲप म्हणतं, शेतात उभं राहून फोटो काढा. माणूस कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात उभा असतो, तो आपल्या वावरात कसा उभा राहणार?

एक नियम तर बारकाईनं बघण्यासारखा आहे. महाडीबीटीवर पूर्वी सोडत निघायची. नशिबाचा खेळ होता, पण तो सगळ्यांना सारखा होता. 2025 मध्ये सोडतीऐवजी 'जो आधी अर्ज करील त्याला आधी लाभ' असं ठरलं. वाचायला किती न्याय्य वाटतं! प्रत्यक्षात काय, तर ज्याचा फोन चांगला, रेंज चांगली, कागद आधीच फोनात तयार, तो पहिला. कोरडवाहू दोन एकरवाला सेंटरच्या रांगेत उभा राहीपर्यंत यादी भरून जाते. नियम करणाऱ्याच्या मनात पाप होतं असं मी म्हणत नाही. सोडतीत वशिला चालतो असा संशय लोकांनाही होताच. पण या बदलानं गावात कोणाला किती मिळालं, हे कोणीतरी घरोघर जाऊन मोजलं पाहिजे की नको?

घरोघर मोजणं आपल्या मातीत जुनंच

तुम्ही म्हणाल, भाऊसाहेब, असला अभ्यास विद्यापीठातल्या मोठ्या लोकांनी करायचा. तसं नाही. हे काम शेतकी खात्यातल्याच माणसानं शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून 1917 साली ती छापली, आणि 1921 मध्ये जातेगाव बुद्रुकची. एकेक घर, एकेक गट, कर्ज किती, पोटाला किती, सगळं मोजलं. पिंपळ्यात 1771 साली सरासरी 40 एकर असलेली जमीनधारणा 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आली, हे त्या मोजणीतून पुढं आलं. जमिनीचे तुकडे पडत चाललेत हे गावाला दिसत होतंच, पण आकडा मांडल्यावर सरकारलाही ते नाकारता येईना. त्याच सुमारास, 1915 मध्ये, महसूल खात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' लिहून गावाची आतली रचना उलगडून दाखवली. म्हणजे गाव बदलतं तेव्हा ते निरखून लिहून ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मधल्या काळात आपण ती सोडून दिली.

कॉम्प्युटरच्या बाबतीतही महाराष्ट्रात एक मोठा धडा मिळालेला आहे. 1998 मध्ये वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांत, 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प झाला. गावोगाव कॉम्प्युटर बसले. शेतीचा सल्ला, बाजारभाव, दाखले सगळं त्यावर मिळेल असा बेत होता. काही वर्षांनी अभ्यासक तिथं गेले, लोकांत बसले, मशीनवर खरोखर काय काम चालतं ते पाहिलं. तर ते मुख्यत्वे उसाच्या हिशेबापुरतं उरलेलं. शेतकऱ्याला काय पाहिजे होतं? माझ्या उसाचं वजन किती भरलं, बिल किती निघालं. तेवढं काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवरही होतं, असं त्यांनी काही गावांत करून दाखवलं. बघा, आधी विचारलं असतं तर खर्च वाचला असता. पण निदान नंतर तरी कोणीतरी विचारलं, म्हणून कळलं. न विचारता राहिलं असतं तर अहवालात '70 गावं संगणकीकृत' एवढंच राहिलं असतं.

भाव कळला म्हणजे भाव मिळाला का?

आता बाजारभावाचं घेऊ, कारण आपला जीव त्यात अडकलेला असतो. मोबाईल आला, भाव कळू लागले, आता व्यापारी फसवू शकणार नाही, असं सगळे म्हणतात. यावर तीन पाहण्या झाल्यात, त्या तिन्ही शेजारी ठेवून बघा.

पहिली केरळची. 1997 ते 2001 या काळात तिथल्या किनाऱ्यावर मोबाईल आले. कोळी लोक समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरावर मासळीला भाव आहे ते विचारू लागले आणि होडी तिकडं वळवू लागले. रॉबर्ट जेन्सन यांनी 2007 मध्ये हा अभ्यास छापला. आधी 5 ते 8 टक्के मासळी गिऱ्हाईक नाही म्हणून फुकट जायची, ते थांबलं. कोळ्यांचा नफा 8 टक्क्यांच्या आसपास वाढला आणि खाणाऱ्याला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा.

दुसरी मध्य प्रदेशची. तिथं 2000 पासून एका कंपनीनं सोयाबीनच्या गावांत ई-चौपाल नावाची केंद्रं उभी केली. भाव कळायचा आणि पाहिजे तर माल थेट त्या कंपनीलाच घालता यायचा. अपराजिता गोयल यांनी 2010 मध्ये छापलेल्या अभ्यासात बाजार समितीतला सोयाबीनचा भाव 1 ते 3 टक्के वाढलेला दिसला.

तिसरी आपल्या महाराष्ट्रातली. 2007 पासून इथं पैसे भरून मोबाईलवर भाव, हवामान आणि पीकसल्ला देणारी एक सेवा सुरू झाली होती. फाफचाम्प्स आणि मिंटेन या दोन अभ्यासकांनी 100 गावांतले शेतकरी घेऊन, काहींना ती सेवा फुकट देऊन आणि काहींना न देऊन, दोघांची तुलना केली. 2012 मध्ये निष्कर्ष छापला. शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

तिन्हीकडं माहिती पोहोचली होती. मग दोन ठिकाणी फायदा आणि आपल्याकडंच का नाही? माझं उत्तर असं : कोळ्याला होडी वळवता येत होती. सोयाबीनवाल्याला दुसरा गिऱ्हाईक दारात होता. आपल्या अद्रकवाल्याला मोबाईलवर दुसऱ्या बाजारचा भाव दिसतो, पण टेम्पोचं भाडं अंगावर येतं, आणि लागवडीच्या वेळी बेण्यासाठी ज्याच्याकडून उचल घेतली त्यालाच माल द्यायचा शब्द गेलेला असतो. ज्याचे हात बांधलेले, त्याला भाव दिसला काय अन् न दिसला काय! वजनातली कट, हमाली, पट्टीला लागणारा उशीर, हे कोणत्याच ॲपमध्ये येत नाही.

बंगळूरला या विषयावर वर्षानुवर्षं संशोधन केलेले केंटारो तोयामा नावाचे गृहस्थ आहेत. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की, यंत्र हे माणसाची जी ताकद आणि जी इच्छा आधीपासून आहे, तीच वाढवतं. आपल्या भाषेत सांगायचं तर विहिरीला पाणी असेल तर मोटार उपयोगाची. पाणीच नसेल तर नवी मोटार बसवून काय उपसायचं? ज्याच्याकडं शिक्षण, ओळख, पैसा आहे त्याला मोबाईलनं अजून पुढं नेलं. ज्याच्याकडं नाही, तो जागेवरच राहिला. जागेवर राहिलेल्याचं अंतर मात्र वाढलं.

एक वही गावाची

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावानं एक वही घालावी. शंभर पानी चालेल. घरोघर जाऊन पाच प्रश्न विचारायचे.

एक : घरात साधे फोन किती, मोठे फोन किती आणि ते कोण वापरतं? बाईच्या हातात फोन आहे का?

दोन : गेल्या वर्षीची पीक पाहणी, केवायसी, योजनेचा अर्ज हे कोणी भरलं? स्वतः, घरच्यानं, शेजाऱ्यानं की सेंटरवाल्यानं? पैसे किती दिले, खेटे किती घातले?

तीन : आधारला जोडलेला नंबर चालू आहे का आणि तो कोणाजवळ असतो?

चार : कोणती रक्कम, कोणता लाभ अडकला आहे आणि कशामुळं? अंगठा, नावातली चूक, बंद नंबर, वारसनोंद, की कारणच कळलं नाही?

पाच : मोबाईलमुळं खरोखर फायदा झाला अशी एखादी गोष्ट कोणती?

पाचवा प्रश्न विसरू नका. नुसती रडगाणी गोळा करायची नाहीत. कोणाचं कुठं भलं झालं तेही लिहायचं, म्हणजे ते दुसऱ्याला सांगता येईल. आणि एक पथ्य पाळायचं : आधार क्रमांक, खातं क्रमांक, पिन, ओटीपी यातलं काहीही वहीत लिहायचं नाही, विचारायचंही नाही. विचारणारा कोणीही असो, अगदी माझ्या खात्याचा असला तरी, ओटीपी सांगायचा नाही.

हे काम करणार कोण? कृषी महाविद्यालयांची शेवटच्या वर्षाची पोरं-पोरी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येऊन राहतात. त्यांच्याकडून बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं आपण करून घेतो, तसं हेही करून घेता येईल. हायस्कूलची मुलं आहेत, बचत गटाच्या ताई आहेत. बायकांची माहिती बायकांनीच विचारलेली बरी. पुरुष विचारायला गेला की घरातला पुरुषच उत्तर देतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं यासाठी एक सोपा नमुना करून दिला तर मराठवाड्यातल्या गावांची माहिती एकमेकांशी ताडून बघता येईल. पण नमुना येईपर्यंत थांबायची गरज नाही.

वही भरली की ती ग्रामसभेत वाचायची. मग ठराव करता येतो, आणि ठराव आकड्यानिशी असला की त्याला वजन येतं. 'लोकांना त्रास होतो' असं म्हणालात तर साहेब मान हलवतील आणि विसरतील. 'आमच्या गावात अमुक इतक्या घरांचा हप्ता बंद नंबरामुळं अडकला आहे, त्यातली इतकी घरं एकट्या बायकांची आहेत' असं लिहून दिलंत, तर त्या गावात शिबिर घ्यावंच लागेल. ऊसतोडीला जाणारी घरं किती आहेत हे वहीत असलं, तर दिवाळीआधी शिबिर लावा असं सांगता येईल. ग्रामपंचायतीत आठवड्यातून एक दिवस फुकट अर्ज भरून द्यायचा ठराव करता येईल. आणि ज्याला मोबाईल जमतच नाही, त्याचा कागदी अर्ज घेऊन पोच द्या, ही मागणीही त्याच ठरावात घालता येईल.

काही जण म्हणतात, थोडी कळ सोसा, नवी पिढी शिकलेली आहे, दहा वर्षांत हा प्रश्नच राहणार नाही. मला हे पटत नाही. एक तर साठीच्या शेतकऱ्याचा अर्ज यंदाचा आहे, दहा वर्षांनंतरचा नाही. दुसरं म्हणजे ॲप एका जागी थांबत नाही. आज शिकलेलं पुढच्या हंगामात बदलतं, नियमही बदलतात. पीक विम्याचंच बघा. 2024 च्या खरिपापर्यंत स्थानिक आपत्तीनं नुकसान झालं की 72 तासांत कळवा, म्हणून लोक पावसात भिजत फोटो काढायचे. 2025 च्या खरिपात राज्यानं तो भाग काढून टाकला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठेवली. शिकलेला पोरगासुद्धा गोंधळला, मग म्हाताऱ्याची काय कथा! आणि तिसरं, शिकलेली नवी पिढी गावात राहणार आहे का? ती शहरात गेली तर फोन तिच्यासोबत जाईल आणि बांधावर पुन्हा तेच आई-बाप उरतील.

दुसरा आक्षेप आमच्याच खात्यातले सहकारी घेतात. म्हणतात, अगोदरच कामं कमी आहेत का, त्यात ही वही कशाला? त्यांना माझं सांगणं आहे की, आपला निम्मा दिवस आज लोकांच्या अडकलेल्या अर्जांमागं जातो. कोणाचं काय अडकलंय हे एकदा कळलं, तर दहा जणांचं एकाच प्रकारचं काम एका दिवसात उरकेल. उरलेला वेळ मातीला, पिकाला देता येईल. आपल्याला त्यासाठीच नेमलं होतं.

खरीप आटोपून रब्बीची पेरणी उरकली की गावाला थोडी उसंत मिळते. पण ऊसतोडीच्या टोळ्या त्याआधीच निघतात, म्हणून वस्त्यांची घरं दसऱ्याच्या आत विचारून घ्यावीत, बाकीचं गाव नंतर. पिशोर परिसरातल्या ज्या गावाला ही वही घालायची असेल, त्यांनी ग्रामसभेत विषय मांडावा आणि आपल्या गावाच्या कृषी कर्मचाऱ्याला बोलावणं धाडावं. प्रश्नांचा कागद लिहून द्यायला आणि पहिली दहा घरं सोबत फिरायला आम्ही येऊ. विचार व्हावा.

(लेखक पिशोर परिसरात कृषी खात्यात काम करतात.)